पुरावा कोणी द्यायचा? : युरोपच्या कायद्यांविषयी कोकणातील वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांकडून युरोपीय कायद्यांविषयी बरीच पत्रे आली. वरवर पाहता युरोपीय संघाची नियमावली आणि आपला किनारा यांचा संबंध दूरचा वाटतो. परंतु ज्या घरी परदेशी पाहुणा उतरतो, ज्या बंदरातून म्हाकूल परदेशी जाते आणि ज्या घरचा मुलगा शिकायला बर्लिनला जातो, तिथे हे कायदे केव्हाच येऊन पोहोचले आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरी आम्ही पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करतो. वेळासच्या कासव महोत्सवासाठी आलेल्या एका जर्मन बाईंनी परत गेल्यावर ईमेल पाठवून त्यांच्या पासपोर्टची आमच्याकडील प्रत आणि आमच्या फेसबुक पानावरचा त्यांचा फोटो काढून टाकायला सांगितले आहे. त्यात 'जीडीपीआर' या कायद्याचा उल्लेख आहे. तो आम्हाला लागू होतो का? दंड होईल का? — मंडणगड तालुक्यातील एक गृहिणी

उत्तर : ज्या दंडाचा आपण धसका घेतला आहे, तो म्हणजे वर्षाच्या जागतिक उलाढालीच्या ४ टक्के किंवा २ कोटी युरो, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. मात्र ही कमाल मर्यादा आहे आणि ती अवाढव्य कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून घातलेली आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा हा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि तो युरोपबाहेरच्या व्यावसायिकालाही लागू होऊ शकतो, हे खरे. त्यासाठी त्या व्यावसायिकाने युरोपात राहणाऱ्या लोकांना उद्देशून वस्तू किंवा सेवा देऊ केलेली असावी लागते. आपले पान जर्मनीतून उघडता येते, एवढ्यावरून तसे ठरत नाही.

हा भेद कसा करायचा, याचा विचार लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने ग्राहकांच्या तक्रारींच्या संदर्भात ७ डिसेंबर २०१० रोजीच करून ठेवला होता. ऑस्ट्रियातील आल्पेनहोफ नावाच्या हॉटेलचे संकेतस्थळ पाहून जर्मनीतील एका गृहस्थांनी ईमेलने खोल्या घेतल्या, सेवा पसंत पडली नाही म्हणून ते बिल न देता निघून गेले आणि हॉटेलने ऑस्ट्रियात दावा लावला. दावा चालवायचा कुठे, असा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाचे म्हणणे असे की, हॉटेलने त्या दुसऱ्या देशातील गिऱ्हाइकांना खरोखर साद घातली होती का, ते खुणांवरून पाहावे : कोणती भाषा वापरली आहे, भाव कोणत्या चलनात आहेत, फोन नंबर देशाच्या क्रमांकासह दिला आहे का, परदेशातून तिथे कसे पोहोचायचे ते सांगितले आहे का. माहिती-संरक्षणाच्या नियमातही भाषा आणि चलन याच खुणा आल्या आहेत.

आपले पान मराठीत आणि थोड्या इंग्रजीत असेल, भाव रुपयांत असतील, तर हा नियम आपल्याला थेट लागू होण्याची शक्यता फार कमी. उद्या एखाद्या जर्मन प्रवासी संस्थेमार्फत आपण युरोमध्ये भाव लावून खोल्या देऊ लागलात, तर मात्र उत्तर बदलेल. तरीही माझा सल्ला आहे की फोटो आजच काढा. कायदा लागू असो वा नसो, घरी जेवून गेलेल्या पाहुणीने आपला चेहरा जगापुढे नको म्हटल्यावर तो ठेवण्याचे कारण उरत नाही. पासपोर्टची गोष्ट वेगळी आहे. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत ठरलेला फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) भरून त्याची माहिती सरकारला कळवणे ही भारतीय कायद्याने आपल्यावर टाकलेली जबाबदारी आहे आणि ती कोणाच्या विनंतीने टळत नाही. मात्र फॉर्म भरून झाल्यावर पासपोर्टचा फोटो घरातल्या तीन जणांच्या व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे पडून राहणे, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आपण थांबवू शकता. भारताचाही व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. त्यामुळे ही शिस्त आपल्याला लवकरच आपल्याच कायद्यासाठी लागणार आहे. बाईंना काय काढले आणि काय कायद्याने ठेवावे लागते, ते चार ओळींत कळवा. युरोपात अशा पत्राला साधारणपणे एका महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. तेवढी मुदत पाळलीत तर उत्तमच.

प्रश्न : आम्ही रापणीचे आणि लहान होड्यांचे मच्छीमार. रात्री एलईडीचा प्रखर झोत टाकून मासळी गोळा करणाऱ्या नौकांविरुद्ध आम्ही बरीच वर्षे भांडत आहोत. युरोपने विजेच्या साह्याने होणारी मासेमारी बंद केली आणि तीही शास्त्रज्ञांचे मत अनुकूल असताना, असे ऐकले. हे खरे आहे का? हा दाखला आम्हाला देता येईल का? — मालवण येथील एक मच्छीमार

उत्तर : खरे आहे. मात्र दाखला देण्यापूर्वी ती हकिकत पूर्ण माहीत असावी, कारण ती दोन्ही बाजूंना कापते.

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात 'सोल' नावाचा चपटा मासा मिळतो. आपल्याकडच्या लेपासारखा तो तळाच्या वाळूत अंग झाकून बसतो. त्याला उठवण्यासाठी डच नौका लोखंडी आडव्या दांड्याचे जड जाळे आणि त्यापुढे साखळ्या लावून तळ खरवडत नेत. यात डिझेल अतोनात जळे आणि तळावरचे जीव भरडले जात. यावर उपाय म्हणून साखळ्यांच्या जागी विजेच्या तारा आल्या. तारांतून सौम्य झटके सोडले की सोलच्या स्नायूंना पेटके येतात, तो वाळूतून वर उचलला जातो आणि जाळ्यात येतो. जाळे हलके झाले, इंधन वाचले आणि तळही कमी खरवडला जाऊ लागला.

युरोपीय संघात वीज वापरून मासे धरण्यास १९९८ पासून बंदी होती. २००७ पासून त्यात सवलत दिली गेली : प्रत्येक सदस्य देशाला आडव्या दांड्याचे जाळे ओढणाऱ्या आपल्या नौकांपैकी ५ टक्क्यांपर्यंत नौकांना ती परवानगी देता येई. पुढे प्रयोग आणि प्रायोगिक प्रकल्प या नावाखाली नेदरलँड्सने परवान्यांची संख्या वाढवत ऐंशीच्या वर नेली. इथे, माझ्या मते, खरी चूक झाली. प्रयोग म्हणजे मर्यादित संख्या, ठरलेली मुदत आणि शेवटी जाहीर निष्कर्ष. त्या नावाखाली एक अख्खा ताफा उभा राहिला, तेव्हा फ्रान्स, इंग्लंड आणि खुद्द नेदरलँड्समधल्या लहान मच्छीमारांचा विश्वास उडाला. आमच्या हद्दीजवळ मासाच उरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कॉड जातीच्या माशांचा कणा झटक्याने मोडल्याचे पुरावेही पुढे आले होते. १६ जानेवारी २०१८ रोजी युरोपीय संसदेने २३२ विरुद्ध ४०२ मतांनी पूर्ण बंदीच्या बाजूने कौल दिला, २०१९ च्या नियमात ती बंदी आली आणि १ जुलै २०२१ पासून उरलेल्या सवलतीही संपल्या.

समुद्रशास्त्राविषयी सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे मत मात्र असे होते की, सोलच्या मासेमारीपुरते पाहिले तर साखळ्यांच्या जाळ्यापेक्षा विजेच्या जाळ्याने पर्यावरणाची हानी कमी होते. नेदरलँड्सने हाच मुद्दा घेऊन लक्झेंबर्गच्या त्याच न्यायालयात धाव घेतली. १५ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला. कायदा करणाऱ्या संस्थेला या क्षेत्रात व्यापक निर्णयाधिकार आहे, उपलब्ध शास्त्रीय माहितीत प्रतिकूल निष्कर्षही होते आणि केवळ शास्त्रीय व तांत्रिक मतांवरच निर्णय घेण्याचे बंधन विधिमंडळावर नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. परिणामी सोल पकडणाऱ्यांना पुन्हा तळ खरवडणाऱ्या साखळ्यांचाच मार्ग उरला. ज्यांना समुद्राची काळजी आहे, त्यांनी ही गोष्ट डोळ्यांआड करू नये.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. समुद्रातले नवे साधन किती मासे पकडते, एवढाच प्रश्न नसतो. तो मासा कोणाच्या वाट्याचा होता, हाही असतो आणि त्याचे उत्तर लोकप्रतिनिधींनीच द्यायचे असते, हे या हकिकतीतून निश्चित दाखवता येते. नवे साधन निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचा भार ते वापरणाऱ्यावर असावा, ते घातक आहे हे सिद्ध करण्याचा भार होडीवाल्यावर नसावा, हेही त्यातून मांडता येते. आपल्या बाजूने तर अधिक भक्कम जमीन आहे : केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली आहे, राज्याने पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये निर्बंध आणले आणि १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून दंड वाढवले. आपल्याला युरोपकडून नवा नियम आणण्याची गरज नाही. गरज आहे ती रात्री समुद्रावर गस्त घालणाऱ्या नौकेची आणि प्रत्येक नौका कुठे होती हे दाखवणाऱ्या नोंदीची. आपल्या निवेदनात मागणी करायची तर या दोन गोष्टींची करा, आणि युरोपचा दाखला त्यांच्या मागे ठेवा.

प्रश्न : मी मिरकरवाडा बंदरात दोन नौकांचे हिशेब पाहतो. मासळी घेणारे निर्यातदार आता प्रत्येक फेरीचा तपशील मागतात आणि युरोपने नवी संगणकीय पद्धत सक्तीची केली आहे, असे सांगतात. लहान नौकांना यात काही सूट आहे का? — रत्नागिरी येथील एक वाचक

उत्तर : बेकायदा, नोंद नसलेल्या आणि अनियंत्रित मासेमारीचा माल युरोपच्या बाजारात येऊ नये, यासाठीचा नियम २००८ चा असून तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. समुद्रात पकडलेल्या मासळीच्या प्रत्येक खेपेबरोबर 'कॅच सर्टिफिकेट', म्हणजे ती कोणत्या नौकेने, कुठे, केव्हा धरली याचे प्रमाणपत्र लागते. भारतात याचे काम सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला एमपेडा म्हणतो, ते पाहते. आतापर्यंत हे कागद फिरत असत. १० जानेवारी २०२६ पासून युरोपातील आयातदाराला ते 'कॅच' नावाच्या संगणकीय यंत्रणेतूनच सादर करावे लागतात. एकच प्रमाणपत्र दोन बंदरांत दोनदा वापरणे, पकडलेल्या वजनापेक्षा जास्त माल त्यावर खपवणे, हे प्रकार कागदावर सहज लपत होते. ते पकडणे हा या बदलाचा हेतू आहे.

लहान नौकांना सवलत आहे. ओढत नेण्याचे जाळे न वापरणारी १२ मीटरपेक्षा कमी लांबीची नौका, ओढते जाळे वापरणारी ८ मीटरपेक्षा कमी लांबीची नौका, वर केबिन वगैरे बांधकाम नसलेली नौका, किंवा २० टनांपेक्षा कमी नोंदणीकृत क्षमतेची नौका यांच्यासाठी सोपे प्रमाणपत्र चालते, ज्यात अनेक नौकांची मासळी एकत्र दाखवता येते. आपल्या दोन्ही नौका यात बसतात का, ते नोंदणीपुस्तकात पाहा. खाजणात किंवा तलावात वाढवलेल्या कोळंबीला हे प्रमाणपत्र लागतच नाही. तिची परीक्षा औषधांच्या अंशांवर होते.

हा सारा भार शेवटी तांडेलाच्या वहीवर येऊन पडतो, ही आपल्या पत्रातली तक्रार रास्त आहे. निर्यातीच्या दरातला वाढीव हिस्सा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि नोंदीचे काम मात्र पोहोचते. तरीही नोंद टाळू नका. सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांना शंका आली तर खेप अडते, आणि एखाद्या देशाचे नियंत्रणच ढिले आहे असे युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेला, वाटले, तर आधी इशारा आणि मग त्या देशाची सारी मासळी बंद, अशी पद्धत आहे. श्रीलंकेने हे सोसले आहे : जानेवारी २०१५ पासून २०१६ च्या मध्यापर्यंत तिथली समुद्री मासळी युरोपात जाऊ शकली नाही, आणि त्यात नियम पाळणारे नि मोडणारे सारखेच भरडले गेले.

प्रश्न : आता सगळे फोन एकाच पिनचे येतात. हे युरोपमुळे झाले, असे ग्राहक सांगतात. खरे का? — अलिबाग येथील मोबाइल दुकानदार

उत्तर : बऱ्याच अंशी. २००९ मध्ये कंपन्यांनी स्वेच्छेने एक समझोता केला आणि चार्जरचे प्रकार पुष्कळ कमी झाले, पण एक झाले नाहीत. तेरा वर्षे वाट पाहून २०२२ मध्ये कायदा झाला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सी खाच सक्तीची झाली. लॅपटॉपसाठी ती तारीख २८ एप्रिल २०२६ आहे. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोनची खाच बदलली. युरोपसाठी एक आणि अलिबागसाठी दुसरा फोन बनवणे कंपनीला परवडत नाही, म्हणून त्या कायद्याचा लाभ आपल्यालाही मिळाला.

प्रश्न : युरोपने कृत्रिम बुद्धिमत्तेवर पहिला व्यापक कायदा केला, असे आम्हाला शिकवले जाते. पण तंत्रज्ञान दर सहा महिन्यांनी बदलते. मग असा कायदा लागू होण्याआधीच शिळा होत नाही का? — सावंतवाडीचा एक विधी-विद्यार्थी

उत्तर : या कायद्याच्या बाबतीत तो लागू होण्याआधीच नव्हे, संमत होण्याआधीच शिळा होण्याची वेळ आली होती. युरोपीय आयोगाने मसुदा मांडला तो २१ एप्रिल २०२१ रोजी. त्याची रचना वापरावर आधारलेली होती : नोकरीसाठी अर्ज चाळणे, कर्ज देणे, परीक्षा तपासणे, सीमेवर लोकांची पारख करणे अशा धोक्याच्या वापरांवर कडक नियम, बाकीच्यांवर सौम्य. एका यंत्राचा एक उपयोग, हे त्यामागचे गृहीतक होते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि कविता लिहिण्यापासून करारनामा तपासण्यापर्यंत सारे करणाऱ्या यंत्राला कोणत्या रकान्यात बसवायचे, ते कोणालाच सांगता येईना. संसद आणि सदस्य देश यांना वाटाघाटींच्या मध्यावर सर्वसाधारण उपयोगाच्या प्रारूपांसाठी, म्हणजे अशा यंत्रांमागच्या 'मॉडेल्स'साठी, नवे प्रकरण लिहावे लागले. ९ डिसेंबर २०२३ रोजी समझोता झाला आणि कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला.

यातून दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे, कायद्याने काळाशी शर्यत लावलेली नाही. त्याने आपल्यातच दुरुस्तीची वाट ठेवली आहे. एखादे प्रारूप घडवताना किती गणनक्रिया खर्ची पडल्या यावर ते व्यापक धोक्याचे मानायचे की नाही हे ठरते, आणि तो आकडा १ वर २५ शून्ये इतका ठरवला आहे. तंत्रज्ञान बदलले तर हा आकडा बदलण्याचा अधिकार आयोगाला दिला आहे. त्यासाठी सारा कायदा पुन्हा संसदेत न्यावा लागत नाही. धोक्याच्या वापरांची यादीही अशीच सुधारता येते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नोकरीसाठीच्या अर्जांची चाळणी करणाऱ्या यंत्राने एखाद्या मुलीचा अर्ज बाजूला टाकला, तर यंत्र पक्षपाती आहे हे तिने सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, कारण आत काय चालते ते तिला दिसत नाही. म्हणून बाजारात आणण्यापूर्वीच यंत्र कशावर शिकवले, त्याच्या चाचण्या कशा घेतल्या, त्यावर माणसाची देखरेख कशी राहील, याची कागदपत्रे निर्मात्याने तयार ठेवावीत, असे हा कायदा सांगतो. काही वापर तर त्याने सरळ निषिद्ध ठरवले. कामाच्या ठिकाणी आणि शाळेत चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रे काही अपवाद वगळता २ फेब्रुवारी २०२५ पासून वापरता येत नाहीत. अशा निषिद्ध वापराचा दंड ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत जातो.

याची दुसरी बाजूही आपल्या निबंधात यायला हवी. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द आयोगानेच धोक्याच्या वापरांवरील नियम लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव मांडला. तांत्रिक मानके वेळेवर तयार झाली नाहीत, हे त्याचे एक कारण. मानके उशिरा झाली म्हणून उत्पादकाला मुदत मिळते, पण ज्या मुलीचा अर्ज बाजूला पडला तिला मात्र मुदतवाढीचा काही उपयोग नाही. ही त्या प्रस्तावातली खरी उणीव आहे.

प्रश्न : माझा मुलगा बर्लिनमध्ये शिकतो आणि फावल्या वेळात ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम करतो. एके दिवशी कारण न सांगता त्याचे खाते बंद झाले. विचारायला माणूसच नाही, फक्त आपोआप येणारी उत्तरे. तिथला कायदा त्याच्या बाजूने काही बोलतो का? — चिपळूण येथील एक आई

उत्तर : बोलतो, आणि थोड्याच काळात अधिक स्पष्टपणे बोलू लागेल. आज त्याच्या हातात तोच माहिती-संरक्षणाचा नियम आहे, ज्याचा उल्लेख पहिल्या उत्तरात आला. त्यातील १५ व्या कलमानुसार त्याला आपल्याविषयीची सारी नोंद मागता येते आणि २२ व्या कलमानुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या व आपल्यावर गंभीर परिणाम करणाऱ्या निर्णयात माणसाने लक्ष घालावे, अशी मागणी करता येते. याच कलमांच्या आधारे काही टॅक्सीचालक उबर आणि ओला या कंपन्यांविरुद्ध ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयात गेले होते. ४ एप्रिल २०२३ च्या निकालात खाती बंद करण्याच्या प्रकरणांत कंपनीने दाखवलेला मानवी सहभाग हा निव्वळ प्रतीकात्मक होता, असे न्यायालयाने म्हटले आणि चालकांना माहिती देण्याचा आदेश दिला. मुलाने लेखी अर्ज करावा, तारीख नोंदवावी आणि एका महिन्यात उत्तर न आल्यास बर्लिनच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यावी. त्याला वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.

ॲपवरील कामाविषयीचा स्वतंत्र निर्देश २३ ऑक्टोबर २०२४ रोजी संमत झाला असून सदस्य देशांनी तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. खाते बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा, त्याची लेखी कारणे द्यावीत आणि फेरविचाराची मागणी आल्यास दोन आठवड्यांत उत्तर द्यावे, असे त्यात आहे. कंपनी कामावर नियंत्रण ठेवते असे दिसले, तर काम करणारा तिचा कर्मचारीच आहे असे गृहीत धरले जाईल आणि तो तसा नाही हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर राहील. आतापर्यंत उलटे होते : सायकलवरून फिरणाऱ्या पोराने करोडोंच्या कंपनीविरुद्ध आपण नोकर आहोत हे शाबीत करायचे. स्पेनने २०२१ मध्येच जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी असे गृहीतक कायद्यात आणले होते.

प्रश्न : समाज बदलला की कायदा बदलतो, की कायद्याने समाज बदलतो? युरोपचा अनुभव काय सांगतो? — दापोलीचे एक निवृत्त शिक्षक

उत्तर : सर, आपल्या प्रश्नाला एक उदाहरण पुरेसे होईल. मानवी हक्कांचा युरोपीय करार १९५० मध्ये रोममध्ये झाला (हा युरोपीय संघाचा कायदा नव्हे, त्याचे न्यायालय स्ट्रासबर्गला आहे). त्याच्या आठव्या कलमात 'खाजगी आणि कौटुंबिक जीवनाचा आदर' एवढेच म्हटले आहे. बेल्जियममध्ये अविवाहित स्त्रीला मूल झाले, तर जन्म दिल्यामुळे ती कायद्याने आपोआप त्याची आई ठरत नसे. तिला आपले मूल आपले म्हणून रीतसर मान्य करावे लागे आणि तरीही वारशात ते कमी ठरे. १९७३ मध्ये जन्मलेल्या एका मुलीच्या आईने हा भेद मुकाट्याने सोसला नाही आणि स्ट्रासबर्गला दाद मागितली. १३ जून १९७९ च्या मार्क्स खटल्याच्या निकालात न्यायालयाने सांगितले की, आठवे कलम विवाहातल्या आणि विवाहाबाहेरच्या कुटुंबात भेद करत नाही. १९५० मध्ये असा भेद बऱ्याच देशांना योग्य वाटे, हे न्यायालयाने मान्य केले. पण करार आजच्या परिस्थितीच्या प्रकाशात वाचायचा असतो, असे म्हटले. बेल्जियमचा कायदा पूर्ण बदलायला १९८७ साल उजाडले.

म्हणजे समाज पुढे गेला, न्यायालयाने ते ओळखले आणि संसद सर्वांत शेवटी आली. त्याच आठव्या कलमाचा आधार घेऊन ९ एप्रिल २०२४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध स्त्रियांच्या संघटनेने हवामानबदलाविरुद्ध सरकार पुरेसे काही करत नाही हा दावा जिंकला. ज्यांनी १९५० मध्ये ते शब्द लिहिले, त्यांच्या मनात उष्णतेच्या लाटा नव्हत्या. न्यायाधीशांनी इतके पुढे जावे का, यावर तिथेही तीव्र मतभेद आहेत. मला मात्र वाटते की, ज्या आईला स्वतःच्या मुलीची आई ठरायला अर्ज करावा लागे, तिला संसदेच्या सवडीची वाट पाहायला सांगणे न्याय्य झाले नसते.

प्रश्न : २०१४ ची हापूसबंदी आम्ही विसरलेलो नाही. फवारणीच्या औषधांच्या मर्यादाही तिकडे अचानक बदलतात. जे नियम करण्यात आमचा हात नाही, त्यांपुढे बागायतदाराने करायचे काय? — देवगड येथील एक आंबा बागायतदार

उत्तर : १ मे २०१४ ची बंदी ऐन हंगामात आली, म्हणून ती अधिक झोंबली. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. नुकसान झाल्यावर नव्हे, धोका दिसताच थांबवायचे, हे सावधगिरीचे तत्त्व युरोपीय संघाच्या मूळ करारातच आहे आणि त्यानुसार आंब्याबरोबर वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांनाही दार बंद झाले. आपल्याकडे उष्णजल प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था उभी राहिल्यावर २०१५ च्या सुरुवातीस आंब्यावरची बंदी ठरलेल्या मुदतीआधीच उठली. औषधांचेही तसेच आहे. आपल्याला वर्षानुवर्षे परिचित असलेल्या क्लोरपायरिफॉसची मान्यता युरोपने जानेवारी २०२० मध्ये संपवली आणि त्याच वर्षी अंशाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आली.

आपला हात नाही, हे मात्र पूर्ण खरे नाही. औषधाच्या अंशाची मर्यादा बदलण्यापूर्वी युरोपीय संघाला जागतिक व्यापार संघटनेकडे प्रस्ताव कळवावा लागतो आणि इतर देशांना हरकती नोंदवण्यासाठी साधारणपणे ६० दिवस मिळतात. आयोग आपले मसुदेही संकेतस्थळावर मतासाठी ठेवतो आणि तिथे मत देण्यासाठी युरोपचे नागरिकत्व लागत नाही. उणीव ही आहे की, त्या ६० दिवसांत देवगडच्या बागेतली फवारणीची वेळापत्रके आणि प्रयोगशाळेचे अहवाल दिल्लीपर्यंत पोहोचत नाहीत. हे काम एकट्या बागायतदाराचे नसून बागायतदारांच्या संघाचे आहे. आपल्या संघाने अपेडाच्या, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, मँगोनेट या निर्यातीसाठीच्या आंबाबागांच्या नोंदणीतील बागांचे मागील हंगामांचे अंश-तपासणी अहवाल एकत्र करावेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांकडून त्यावर टिपण घ्यावे आणि ते अपेडाकडे आधीच देऊन ठेवावे, म्हणजे पुढचा प्रस्ताव निघेल तेव्हा हरकत नोंदवण्यासाठी कागद तयार असेल. पावसाळ्यात, बागेतले काम थोडे कमी असते तेव्हा, ही जुळवाजुळव करता येईल.